आयजीचा आजार

भाड्याची क्रूझर जीप नौबादमधल्या घरासमोर थांबली आणि भागाबाईनं आधी रडायला सुरुवात केली, मग दार उघडलं. बोअरच्या पाण्यावरून झालेल्या त्या भांडणानंतर तिनं धाकट्या भावाच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. आता लावायचाच तर रडत लावलेला बरा, म्हणजे मागचं कुणी उकरून काढत नाही, असा तिचा विचार होता.

तिच्या गावी, मुडबीला, बातमी अशी पोचली होती की, भाच्याची, नागेशची, एक किडनी गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी काढून घेतली. नौबादहून निघताना ती एवढीच होती की, किडनीचा इवलासा तुकडा सुईनं काढून तपासायला पाठवला. हुमनाबादच्या बस स्टँडवर ती एका तोंडातून दुसऱ्या कानात गेली आणि तुकड्याची किडनी झाली. बसवकल्याणला आणखी थोडी रेंगाळली असती तर दोन्ही गेल्या असत्या.

"कुठंय माझं लेकरू?" भागाबाई आत शिरली. तिच्यामागं तिचा मुलगा बुद्धरत्न, एका हातात काढ्याची बरणी आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या कंपनीची बॅग घेऊन. कंपनी म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवायची पावडर. तिचा तो बसवकल्याण तालुक्याचा एजंट होता आणि बहुतेक एकटाच गिऱ्हाईक.

नागेश बाजेवर बसून मोबाइल बघत होता. कोळारच्या गोदामातून त्यानं रजा घेतली होती, पण गोदामानं त्याला रजा दिली नव्हती, दर थोड्या वेळानं फोन यायचा. त्याला बघून भागाबाई रडायची थांबली. रडायला यावं असं पोरात काही दिसेना. गाल भरलेले, चेहरा गोल.

"आगं बया! हा तर लग्नात हुता त्याच्यापरीस गुबगुबीत झालाय की!"

"गोळ्यांची सूज हाय ती, आत्या. तब्येत न्हाई."

"शर्ट वर कर."

नागेशनं निमूटपणे पाठ दाखवली. भागाबाईनं चष्मा चढवला, कंबरेच्या वर बोट फिरवलं आणि एका ठिपक्यावर थांबली. "येवढ्या भोकातून किडनी काढली?"

"किडनी न्हाई ओ आत्या. तुकडा. तिळायेवढा."

"तिळायेवढा का असंना, आपला कामून द्यावा?"

दारात नरसिंग उभा होता, नागेशचा बाप, भागाबाईचा धाकटा भाऊ. "जयभीम, अक्का," तो चाचरत म्हणाला.

"जयभीम. पाणी आण. बोअरचंच आण, आता आलेच हाय तर."

स्वयंपाकघरात रूपालीनं हे ऐकलं आणि तिच्या जीवात जीव आला. नागेशच्या बायकोला सासरच्या भांडणांची आता इतकी सवय झाली होती की, टोमणा ऐकू आला म्हणजे समेट झाला हे तिला कळायचं. तिची खरी काळजी चुलीवर होती. मटणाचा रस्सा उकळत होता आणि त्यात मीठ नव्हतं.

थंडीत नागेशचा घसा धरला होता आणि दुसऱ्याच दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. बीदरच्या डॉक्टरांनी गुलबर्ग्याला पाठवलं. तिथं कळलं की किडनीला सूज आहे, बीपी वाढलंय, आणि आजार असा की पुरता जात नाही, पण नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं आवरून धरता येतो. सांभाळायचं म्हणजे गोळ्या, मीठ कमी, आणि अंगदुखीची गोळी, काढा, पाला, पावडर काहीही पोटात घालायचं नाही. रूपालीनं नवऱ्यापुरतं वेगळं शिजवून बघितलं होतं. पण हा माणूस सगळ्यांच्या पातेल्यात चमचा बुडवून चव घ्यायचा. मग तिनं सगळ्या घराचंच मीठ काढून वाटीत ठेवलं, ज्याला पाहिजे त्यानं वरून घ्यावं.

घरात आणखी एक बदल तिच्या लक्षात आला होता. सासूची मिश्रीची डबी मोरीवरच्या फळीवर पालथी पडलेली होती. राजूबाई मिश्रीशिवाय सकाळी कुणाशी बोलत नसे. हल्ली ती कोळशानं दात घासायची, चिडचिड करायची आणि कारण विचारलं की म्हणायची, "उगं."

"आय, रस्सा वाढू का?" रूपालीनं विचारलं.

"वाढ. आन् वाटी अक्कापशी ठिव," राजूबाई म्हणाली. "मिठाची."

वाटीचा काही उपयोग झाला नाही. भागाबाईनं पहिला घास तोंडात घातला आणि हात ताटावर तसाच धरला. "आळणी? कुणी गेलंय का घरात?"

"वरून घ्या की, आत्या. वाटी हाय," रूपाली म्हणाली.

"वरून घेतलेलं मीठ वरच ऱ्हातंय. मटणाला आतून लागत असतंय."

राजूबाईचा धाकटा भाऊ मारोती औरादहून सकाळीच आला होता. त्यानं बहिणीच्या घराची बाजू घ्यायची म्हणून "मस्त झालंय" म्हटलं आणि चमचाभर मीठ ओतून घेतलं.

तेवढ्यात गोदामातून फोन आला. गेटात ट्रक अडकला होता. नागेश ताटावरून उठून अंगणात गेला आणि "मागं घ्या, मागं घ्या" असं ओरडायला लागला. भागाबाई याचीच वाट बघत होती.

"ऐका," ती म्हणाली. "मी नुसतं बघायला आले न्हाई. क्रूझर परत जाताना पोराला घिऊन जाणार हाय. आमच्या शिवारात रेवणसिद्ध वैद्य हाय. त्याचा काढा हाय, ही बुद्ध्याची पावडर हाय. ह्या गोळ्या आजपासून बंद. माणसाचं तोंड असं फुगवायलेत, आत काय करायलेत कुणाला ठावं."

रूपालीच्या हातातला चमचा पातेल्यात पडला. "आत्या, ह्या गोळ्या एकदम बंद करायच्या न्हाईत. डॉक्टर बजावून सांगितलेत. काढ्यानं किडनी आणखी बिघडती."

"डॉक्टर म्हणत्यात का, प्रतिकारशक्ती कमी करा?" बुद्धरत्ननं विचारलं. त्याला हे कुठूनतरी कळलं होतं आणि त्यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. "वहिनी, सगळी दुनिया शक्ती वाढवायलीय आन् तुमी पैसे दिऊन कमी करून घ्यायलाव?"

"ही शक्ती आपल्याच अंगावर उलटलीय, भाऊजी. डॉक्टर म्हणले, घर राखायला ठिवलेला वॉचमन घरातल्यालाच बडवायलाय. म्हणून त्याला आवरायचं."

"वॉचमनचं नाव घिऊ नको!" नरसिंग एकदम बोलला. कोळारच्या एका गोदामावर त्यानं आयुष्यभर रात्रपाळी केली होती. "मी कवा कुणाला बडवलं न्हाई."

"मग मालकाच्या मेव्हण्याला कुणी बडवलं?" भागाबाई म्हणाली.

"ती गोष्ट येगळी हाय. अंधार हुता. तो भिंतीवरून आला."

"किल्ली इसरली म्हणून आला."

"मला काय ठावं? मला वाटलं चोर. दिली काठी."

"बगा," भागाबाई रूपालीकडं वळली. "आन् हे सगळं जाऊ दे. आजार तर आमच्या घरचा न्हाईच. हिच्याकडला हाय." तिनं राजूबाईकडं हनुवटी केली. "डॉक्टरच सांगितलाय, आयकडून आलाय म्हणून."

"डॉक्टर असं कवा म्हणले?" रूपालीनं विचारलं.

"तू खाली औषध आणायला गेलतीस," नरसिंग ताटात बघत म्हणाला.

ही आग नरसिंगच्याच तोंडातून निघाली होती. गुलबर्ग्याला डॉक्टरांनी रिपोर्ट हातात धरून आधी कानडीत सांगितलं, मग इंग्रजीत, आणि शेवटी ह्याचा चेहरा बघून दखनीत. "देखो चाचा, ये आयजीए है." नरसिंगनं ऐकलं, ये आयजी है, म्हणजे आजार आयकडचा. घरात सगळे राजूबाईला आय म्हणायचे, पण डॉक्टर पडला अदबीचा माणूस, तो नुसतं आय कसं म्हणेल, जी लावणारच. नरसिंगला ते फारच आवडलं. एवढा मोठा डॉक्टर आणि आपल्या बायकोला जी लावून बोलतो. घरी आल्याबरोबर भांडण विसरून त्यानं तेच कौतुक अक्काला फोनवर सांगितलं, किडनीच्या तुकड्याचं सांगायचं राहूनच गेलं. अक्कानं जी तेवढा सोडून दिला आणि बाकीचं जपून ठेवलं.

मारोती ताटावरून अर्धा उठला. "आमच्या घरचा आजार? आमच्या बापानं शेवटपर्यंत मोट हाकली! आमच्यात कुणाला साधं पडसं झालेलं ऐकिवात न्हाई. राजूअक्काला बोल लावायचं काम न्हाई, सांगून ठिवतो."

"पडसं न्हाई म्हणून किडनी बी न्हाई का?" भागाबाईनं विचारलं.

"माझी बगा की! दगडासारखी हाय!"

"हाय ना?" भागाबाईचा आवाज मऊ झाला. "मग चांगलंच झालं. आजार आयकडला, म्हणजे किडनी बी आयकडलीच बसणार. पुढं लागली की मामा हायच."

मारोती हळूच खाली बसला. हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यानं पाणी घेतलं, खोकला, छातीवर हात फिरवला. "म्हणजे तसं, मला बीपी हाय," तो म्हणाला. "शुगर बी काठावर हाय. परवाच्याला चक्कर आली हुती."

"आत्ता तर दगडासारखी म्हणलाव," रूपाली म्हणाली.

"दगडच म्हणलो की. मूतखडा हाय." मग त्याला अचानक भागाबाईचं म्हणणं पटायला लागलं. "तसं बघितलं तर अक्का चुकीचं काय म्हणायल्यात? मुडबीची हवा चांगली हाय. काढ्यानं जर भागायलंय, तर कापाकापी कामून?"

बुद्धरत्ननं पडत्या फळाची आज्ञा समजून बॅग उघडली आणि पावडरचा डबा मध्ये ठेवला. एका बाजूला रूपाली एकटी उरली. तिला रडायला येत होतं, आणि रडली तर हरली असं दिसेल म्हणून ती पोळ्या मोजल्यासारखं करत राहिली. नागेश आत्याला नाही म्हणू शकत नाही हे तिला माहीत होतं. आत्यानं त्याला कडेवर खेळवलं होतं. आत्यानं हात धरला तर तो क्रूझरमध्ये बसेल, आणि गोळ्या इथं फळीवर राहतील.

मदत आली ती भलत्याच बाजूनं.

"अक्का, थांब," नरसिंग म्हणाला. तो मघापासून काठीपाशीच अडकला होता. "त्या मेव्हण्याला बडवल्यावर मालक मला कामावरून काढला का?"

"न्हाई."

"काय केला?"

"मला काय ठावं?"

"काठी काढून घेतला! शिट्टी ठिवला. म्हणला, नरसिंग, चोर आला तर शिट्टी मार, पण हात उचलू नको." नरसिंगचा चेहरा उजळत चालला होता. "म्हणजे ह्या गोळ्या काठी काढून घ्यायलेत! व्हय का न्हाई, रूपाली? शिट्टी हायच!"

"व्हय, अप्पा! बरोबर तसंच हाय!"

"आन् बुद्ध्या, तुझी पावडर म्हणजे माझ्या काठीला लोखंडी मूठ बसवायची. उचल तो डबा."

"मामा, त्यात बावीस वनस्पती हायत..."

"मूठ हाय ती. उचल."

भाऊ हातचा जातोय हे बघून भागाबाईनं ताट पुढं सारलं. "तुला काय कळतंय? जिच्यामुळं आलं तिला इचारा. राजू, तू बोल. तुझ्याकडलं दुखणं हाय, तूच सांग, पोराला पाठवतीस का न्हाई?"

सगळे राजूबाईकडं बघायला लागले. ती दाराला टेकून बसली होती, ताट न घेता. नवरा फोनवर अक्काला सांगत होता तेव्हा ती मोरीवर मिश्री लावत होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. आपल्याकडून आलंय. ते ऐकल्यावर तिला इतकं वाईट वाटलं होतं की, तोंडातली मिश्री थुंकायचं भान राहिलं नाही. नागेशला जेवताना बघायची तिला चोरी झाली. पण मग दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता तिच्या मनात आलं, आपल्याकडून गेलंय तर आपलीच किडनी त्याला बसेल. दुसऱ्या कुणापुढं हात पसरायला नको. त्या विचारानं तिला पहिल्यांदा बरं वाटलं. तेव्हापासून हा बोल तिनं कुणाला पुसू दिला नव्हता.

"व्हय," ती म्हणाली. "माझ्याकडूनच आलंय."

"बगा!" भागाबाई म्हणाली.

"म्हणूनच तो कुठं जाणार न्हाई. गोळ्या घिऊन हितंच ऱ्हातंय. आन् गोळ्यानं न्हाई भागलं तर मी हाय. माझीच त्याला बसल. मारोती, तू भिऊ नको. तुझ्याकडं कुणी येत न्हाई." तिनं पदर सारखा केला. "मी मिश्री सोडलीय. कामून सोडली म्हणून सगळे इचारायलेत. दात काळे हुत्यात तर आत बी काळंच हुत असंल. द्यायची तर साफ करून ठिवावी म्हणलं."

रूपालीनं तोंडाला पदर लावला. नरसिंगला बायकोकडं बघवेना. मारोतीनं मिठाची वाटी उगीचच इकडची तिकडं केली. दारात नागेश उभा होता, फोन हातात तसाच, पलीकडून "सर, ट्रक निघाला" असा आवाज येत होता.

"आय," तो म्हणाला, "तुझ्याकडून आलं म्हणून कोण सांगितलं?"

"डॉक्टर. अप्पाला."

"अप्पा, काय म्हणले डॉक्टर? हाय तसं सांगा."

नरसिंग ताठ बसला. "ये आयजी है, म्हणले."

नागेश हसायला लागला, भिंतीला धरून, सुजलेले गाल हलवत. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते सगळं हसण्याचंच नव्हतं. "अप्पा, आयजीए! आय न्हाई ओ, इंग्रजीतलं आय. ए बी सी डीतलं. रक्तातल्या त्या वॉचमनचं नाव हाय ते. तो किडनीत जाऊन बसलाय."

"मग तसलं नाव कामून ठिवले?" भागाबाईनं जाब विचारला.

"मी न्हाई ठिवलो, आत्या."

"म्हणजे आयचा काही संबंध न्हाई?"

"आयचा न्हाई. तुमचा न्हाई. कुणाचाच न्हाई."

राजूबाईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला उलट हातातलं कुणी काढून घेतल्यासारखं झालं. "मग माझी बसणार न्हाई का?" तिनं विचारलं.

नागेश तिच्यापाशी खाली बसला. "आत्ता कुणाचीच नको, आय. मीठ आवरलं, बीपी आवरलं, गोळ्या वेळेवर घेतल्या, तर लई वर्षं निघू शकतेत. निघतीलच असं डॉक्टर बी लिहून देत न्हाईत. लागलीच कवा, तर तुझी बी तपासतेत."

"तपासतेत ना?"

"व्हय की."

"बरं," राजूबाई म्हणाली. तिनं ताट ओढलं आणि सकाळपासून पहिल्यांदा जेवायला बसली. बिनमिठाचं, वाटीकडं न बघता.

जेवणं झाली. क्रूझरवाल्यानं हॉर्न वाजवला तरी भागाबाई उठली नाही. काढ्याच्या बरणीवर तिनं स्वतःच झाकण घट्ट बसवलं आणि ती बुद्धरत्नच्या मांडीवर ठेवली. पोरासाठी आणलेला लोणच्याचा डबा मारोतीला दिला, "तुला बीपी हाय ना, मग लपवून खा," म्हणत. नागेशच्या फुगलेल्या गालावरून हात फिरवला. मग राजूबाईजवळ सरकून तिनं कनवटीची पितळी डबी काढली.

"घे. माझी घे. आता तर आयचं न्हाई म्हणायलाय पोरगा. कामून जिवाला तरास करून घ्यायलीस?"

मिश्रीचा वास आला तसा राजूबाईचा हात आपोआप पुढं गेला. बोट डबीत बुडायच्या बेतात होतं. मग तिनं ते मागं घेतलं आणि पदराला पुसलं, लागलेलं नसतानाही.

"ऱ्हाऊ द्या, अक्का. पुढंमागं लागलीच, तर पोराला काळी द्यायची का?"

भागाबाई उघड्या डबीकडं बघत राहिली. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला.

"मग माझी तर पार कोळसा झाली असंल की गं," ती हळूच म्हणाली, आणि उठून डबी क्रूझरवाल्याला देऊन टाकली.